मुलाखतीचे नेहमीचे प्रश्न



नोकरीच्या मुलाखतीत विचारले जाणारे प्रश्न फार थोडे आहेत, आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. आपला परिचय करून द्या. हीच नोकरी का हवी. तुमचे गुण कोणते आणि उणिवा कोणत्या. मधली दोन वर्षे काय करीत होतात. वेतनाची अपेक्षा काय. आणि शेवटी, आम्हांला काही विचारावयाचे आहे काय. एखाद्या परीक्षेची प्रश्नपत्रिका आधी फुटली तर केवढा गहजब होतो! ही प्रश्नपत्रिका कायमची फुटलेली आहे, आणि तरीही चांगले शिकलेले, लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेले तरुण नेमके याच प्रश्नांवर अडखळतात. बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी या आपल्या भागातून दरवर्षी कितीतरी मुले-मुली नागपूर, इंदूर, भोपाळकडे मुलाखतीसाठी जातात. त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी शेतीच्या उत्पन्नातून काढलेली शिकवणीची फी असते आणि घरातील सर्वांच्या आशा असतात. त्यांच्यासाठीच आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम हे लक्षात घ्यावे की मुलाखत आता सर्वच नोकऱ्यांना लागत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटातील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांच्या भरतीतून मुलाखत काढून टाकली. कनिष्ठ जागांच्या मुलाखतींत वशिला आणि पैसा शिरतो ही तक्रार त्यामागे होती, आणि ती निराधार होती असे कोणी म्हणणार नाही. त्यापूर्वी १९८० साली सर्वोच्च न्यायालयापुढे श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचे प्रकरण आले होते. तेथे एकूण गुणांपैकी तिसरा हिस्सा तोंडी परीक्षेला ठेवलेला होता. प्रत्येक मुलाला दोन-तीन मिनिटे आत बोलावून वडील कोण, राहता कोठे एवढेच विचारण्यात आले, असे अर्जदारांचे म्हणणे होते. तोंडी परीक्षेला शेकडा पंधराहून अधिक गुण ठेवणे हा मनमानी कारभार होय, असे न्यायालयाने त्या प्रकरणी सांगितले. आज बँकांतील अधिकाऱ्यांच्या सामाईक भरतीत लेखी परीक्षा आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० आणि २० असे असते. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २,०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. हा हिस्सा लहान दिसतो. परंतु लेखी परीक्षेतून वर आलेल्या उमेदवारांत दोन-चार गुणांचेच अंतर उरलेले असते, म्हणून शेवटची यादी हलविण्यास तो पुरेसा होतो. खाजगी कंपन्यांत तर पुष्कळदा मुलाखत हीच सारी परीक्षा असते.

आता पहिला प्रश्न: “आपला परिचय करून द्या.”

या प्रश्नाला पाठ केलेले उत्तर देण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शिकेतून ते उचललेले असते. मी एक कष्टाळू, प्रामाणिक आणि सकारात्मक विचारांचा तरुण आहे, मला वाचनाची आणि संगीताची आवड आहे, माझे ध्येय एका नामांकित संस्थेत काम करून स्वतःचा व संस्थेचा विकास साधणे हे आहे. मंडळावरील माणसे हे वाक्य सकाळपासून वीस वेळा ऐकून बसलेली असतात. त्यात खोटे काही नसेल. पण ते कोणाचेही असू शकते, आणि हाच त्याचा दोष. निवड करणाऱ्यासमोर अडचण असते ती वीस सारख्या माणसांतून एक वेगळा काढण्याची. आपण एकविसावे सारखे होऊन त्याला काय मदत केली?

त्याऐवजी असे करून पहावे. समजा, एका तरुणाचे वडील वैनगंगेच्या काठी चार एकरांत धान करतात. त्याने यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे, आणि सुट्टीत तो गावातील पंपदुरुस्तीच्या दुकानात बसत असे. त्याने एवढेच सांगितले की, “पदविकेच्या दुसऱ्या वर्षापासून मी पंपदुरुस्तीचे काम करीत आलो. पहिल्या हंगामात नुसती मोटर उघडून द्यावयास शिकलो, दुसऱ्यात गुंडाळी स्वतः भरू लागलो,” तर मंडळावरील एखादा सदस्य हमखास पुढे सरसावून विचारील, “गुंडाळी जळते कशाने?” आणि मग संभाषण त्याच्या अंगणात येते. जे स्वतःच्या हाताने केले आहे त्याविषयी माणूस अडखळत नाही, त्याला शब्द शोधावे लागत नाहीत. पहिल्या उत्तराचा खरा उपयोग हाच की पुढचे प्रश्न कोठून यावेत हे त्यातून काही अंशी ठरविता येते. म्हणून दीड मिनिटांच्या त्या परिचयात ज्याविषयी दहा मिनिटे बोलता येईल असेच घालावे. ‘वाचनाची आवड’ असे म्हणणाऱ्याला शेवटी वाचलेल्या पुस्तकाचे नाव विचारले जाते, आणि पुष्कळांची आवड तेथेच संपते.

दुसरा प्रश्न आपल्या जिल्ह्याविषयीचा. शासकीय सेवांच्या मुलाखतीत तो बहुधा असतोच, आणि त्याची तयारी मात्र सर्वांत कमी केलेली आढळते. जगाच्या राजधान्या पाठ असतात, पण दारातील नदीचे पुढे काय होते हे ठाऊक नसते. वैनगंगा सिवनी जिल्ह्यात मुंडारा येथे उगम पावते, बालाघाटवरून भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जाते, वर्धेला मिळते, तेथून तिचे नाव प्राणहिता होते आणि ती गोदावरीत विलीन होते. एवढे सांगता आले तर आपण ज्या पाण्यावर वाढलो ते कोठे जाते याची या माणसाला जिज्ञासा आहे, एवढे तरी मंडळाला कळते.

जिल्ह्याच्या नावाचेच पहा. ‘बालाघाट’ म्हणजे घाटावरचा मुलूख. १८६७ ते १८७३ या काळात भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा बनला. घाटावरचे रिकामे पठार वसवावे हा इंग्रज सरकारचा त्यामागील हेतू होता, आणि त्यावरून हे नाव पडले. मौज अशी की ज्याला आज आपण बालाघाट शहर म्हणतो ते घाटावर नाही, वैनगंगेच्या सखल खोऱ्यात आहे. आणि त्याचे जुने नाव बुऱ्हा असे होते. “तुमचे गाव घाटावर आहे काय?” असा साधा प्रश्न आला तर ‘होय’ म्हणून मोकळे होणारे किती निघतील याचा विचारच केलेला बरा!

परंतु केवळ माहितीचे तुकडे गोळा करून भागत नाही. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर पहिला प्रश्न माहितीचा विचारतो आणि दुसरा कारणाचा. २०११ च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०२१ स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशातील सर्व जिल्ह्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. हा आकडा आपल्याकडील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो, आणि तो अभिमानाने सांगितलाही जातो. त्यावर “असे का?” एवढे दोनच शब्द आले की पुष्कळदा शांतता पसरते. येथे विचार करून ठेवलेला उमेदवार दोन्ही बाजू सांगेल. मुलीचा जन्म नकोसा मानण्याची रूढी या भागात, विशेषतः आदिवासी समाजात, तितकी बळकट नाही, हे एक. आणि हाताला काम नाही म्हणून कामाच्या शोधात पुरुष नागपूर-हैदराबादकडे जातात आणि मोजणीच्या वेळी गावात नसतात, हेही एक कारण असू शकते. म्हणजे ज्या आकड्याचा आपण गौरव करतो त्याच्या पोटात एक दुःखही असू शकेल. असे बोलणाऱ्याचे उत्तर अचूक आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. हा माणूस आकड्याकडे डोळे उघडे ठेवून पाहतो हे मंडळाच्या ध्यानात येते.

हीच गोष्ट खाणींची. भरवेलीची मँगनीजची भूमिगत खाण, उकवा, तिरोडी ही नावे आपल्या बोलण्यात रोज असतात. ज्या कंपनीच्या त्या खाणी आहेत ती ‘मॉयल’ १९६२ साली स्थापन झाली. तिची पूर्वपरंपरा १८९६ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत मागे जाते, आणि तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. मलाजखंडला हिंदुस्थान कॉपर कंपनीची तांब्याची खाण आहे. खनिकर्माची पदविका घेतलेल्या तरुणाला मँगनीज कशाला लागते असे विचारले तर ‘पोलादाला’ हे उत्तर अपुरे होय. पोलादात ते काय करते? वितळलेल्या धातूतील प्राणवायू आणि गंधक यांचा उपद्रव ते काढून टाकते आणि पोलादाला कणखरपणा आणते. हे एक वाक्य पुढे जोडता आले पाहिजे. चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले हे सांगणाऱ्याला, त्याचा तुमच्या वडिलांना काय फायदा झाला, असे विचारले जाऊ शकते. खरे असेल तर “अद्याप काही झाला नाही, कारण आमचे धान व्यापाऱ्याकडे साध्या भावानेच जाते” असे सांगण्यास कचरू नये. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा मुक्की दरवाजा आपल्या जिल्ह्यात आहे हे सांगितले तर तेथील बारशिंग्याची संख्या १९७० साली ६६ वर येऊन ठेपली होती आणि ती पुन्हा कशी वाढविली गेली हेही माहीत असावे. घरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचे हे सारे एकदा डोळ्यांनी पाहून यावे, असे मी तर म्हणेन. पुस्तकात वाचलेले आणि पाहिलेले यांतला फरक आवाजात उतरतो.

आता भाषेविषयी. हा विषय आपल्या जिल्ह्याला जितका लागतो तितका नागपूरला किंवा भोपाळला लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती; त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आजही अनेक घरांत आजी मराठीत बोलते, शेजारी पोवारी बोलतात, शाळा हिंदीतून झाली, आणि मुलाखतीचे पत्र इंग्रजीतून येते. या चौरस्त्यावर उभा असलेला मुलगा स्वतःला कमी लेखतो. त्याने तसे लेखू नये. संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा ज्याने मराठीसारख्या भारतीय भाषेतून लिहिली असेल त्याला मुलाखतही त्या भाषेतून देता येते. तसे नसेल तर हिंदीत सरळ बोलावे. मोडक्या इंग्रजीत सुरुवात करून मध्येच थांबण्यापेक्षा, “मी हिंदीतून उत्तर देऊ का?” असे सभ्यपणे विचारणे केव्हाही श्रेयस्कर. अर्थात ज्या कामात इंग्रजी पत्रव्यवहार रोजचा आहे तेथे ही सवलत मागून चालणार नाही. तेथे इंग्रजी शिकावेच लागेल.

व्यवहाराची एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी. स्टेट बँकेच्या लिपिक भरतीत मुलाखत नसते, परंतु ज्या राज्यातील जागेसाठी अर्ज केला तेथील भाषेची चाचणी असते. दहावी किंवा बारावीला ती भाषा शिकल्याचा दाखला असेल तर ती माफ होते. आपल्याकडील मुलाला मराठी आईच्या दुधाबरोबर आलेली असते, पण गुणपत्रिकेत ती नसते. तेव्हा महाराष्ट्रातील जागेसाठी अर्ज करणाऱ्याने मराठी वाचण्या-लिहिण्याचा सराव ठेवावा. जातीच्या दाखल्याचेही तसेच. एका राज्यात अनुसूचित जाती-जमातीत गणलेल्या माणसाला दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो लाभ आपोआप मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणात दिलेला आहे. गोंदिया चाळीस किलोमीटरवर असले तरी ते दुसऱ्या राज्यात आहे. मुलाखतीच्या दारात कागद तपासताना हे कळण्यापेक्षा अर्ज भरताना कळलेले बरे.

“तुमच्या उणिवा सांगा” या प्रश्नाचा फार बाऊ केला जातो. “मी अति परिश्रम करतो” हे उत्तर इतके झिजलेले आहे की ते ऐकून समोरची माणसे एकमेकांकडे पाहतात. खरी, पण कामाच्या आड न येणारी उणीव एका वाक्यात सांगावी, तिच्यावर काय उपाय करीत आहोत हे दुसऱ्या वाक्यात सांगावे आणि थांबावे. वेतनाविषयी आधी चौकशी करून जावे. त्या गावी तसल्या कामाला काय मिळते हे आपल्या आधी लागलेल्या एखाद्या दादाला विचारले तर तो सांगतो.

मधल्या रिकाम्या वर्षांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. स्पर्धा परीक्षांच्या नादात तीन-चार वर्षे गेलेली मुले आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांना त्या वर्षांची लाज वाटते, आणि ती लपविण्यासाठी कोठल्या तरी दुकानातील अनुभवाचे बनावट प्रमाणपत्र आणण्याचा सल्ला त्यांना दिला जातो. असे कोणी करू नये. “तीन वर्षे मी परीक्षेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, निवड झाली नाही. त्या काळात सकाळी शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावला,” हे उत्तर कोणत्याही शहाण्या माणसाला पटते. आईच्या आजारपणात घर आणि शेत सांभाळणाऱ्या मुलीने “काहीच करीत नव्हते” असे म्हणू नये. मजूर लावणे, त्यांची मजुरी चुकती करणे, खतासाठी सोसायटीत खेटे घालणे, आडत्याशी भाव करणे याला जगात कोठेही ‘काहीच नाही’ म्हणत नाहीत.

मुलींची गोष्ट निघालीच आहे म्हणून थोडे अधिक सांगतो. “लग्न झाल्यावर नोकरी सोडाल काय?” हा प्रश्न आजही विचारला जातो. तो जुना आहे. १९४९ साली परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना, ही सेवा स्त्रियांना योग्य नाही, असे मुलाखतीच्या वेळी समजाविण्यात आले होते. पुढे दोनच वर्षांनी, १९५१ च्या तुकडीतील अ‍ॅना राजम जॉर्ज प्रशासकीय सेवेसाठी मंडळापुढे गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की प्रशासन स्त्रियांचे काम नव्हे, त्यांना परराष्ट्र सेवा अधिक शोभेल! आयोग एकच, स्त्रीला शोभणारी जागा मात्र दरवेळी दुसरीकडे. दोघीही आपल्या निवडीवर ठाम राहिल्या. लग्नासाठी स्त्री अधिकाऱ्याने परवानगी घ्यावी अशा परराष्ट्र सेवेतील नियमांवर मुथम्मा यांच्याच प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. तेव्हा ताईंनो, असा प्रश्न आला तर रागावू नये आणि ओशाळूही नये. “मी हे काम करावयाचे ठरवूनच अर्ज केला आहे, आणि घरच्यांना ते ठाऊक आहे,” एवढे शांतपणे सांगावे. ज्या ठिकाणी एवढ्याने भागत नाही आणि प्रश्न आणखी खाजगी होत जातात, तेथे नोकरी मिळाली तरी ती कशी असेल याचाही अंदाज आलेला असतो.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करावे? “क्षमा करा, मला हे ठाऊक नाही” असे म्हणावे, आणि मान वर ठेवून म्हणावे. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला हे वाक्य वाचविणार नाही. परंतु ज्याला पुष्कळ ठाऊक आहे त्याची विश्वासार्हता या वाक्याने वाढते, कारण मग त्याची बाकीची उत्तरे अंदाजाने दिलेली नाहीत अशी खात्री पटते.

सरावासाठी आरशापुढे उभे राहण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. माझा त्यावर विश्वास नाही. आरसा प्रश्न विचारीत नाही आणि मध्येच तोडतही नाही. आपल्या वस्तीत निवृत्त मुख्याध्यापक असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना एका संध्याकाळी ओसरीवर बसवावे, आपला अर्ज त्यांच्या हाती द्यावा आणि हवे ते विचारा असे सांगावे. त्यांतील एकाने तरी मुद्दाम विरोध करावा. ही मंडळी आनंदाने वेळ देतात. त्यांना सहसा कोणी विचारीत नाही एवढेच. उत्तरे शब्दशः पाठ करू नयेत, मुद्दे मात्र लक्षात ठेवावेत. पाठ केलेल्या उत्तरात मधला एक शब्द निसटला की पुढचा सारा डोलारा कोसळतो.

आणि एवढे करूनही निवड झाली नाही तर? अमेरिकेत वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास एक प्रयोग केला. विक्रेत्याच्या कामासाठी आलेले तेच ते उमेदवार त्याने अनेक अनुभवी व्यवस्थापकांना निरनिराळे तपासावयास सांगितले. एकाने ज्याला वरच्या रांगेत बसविले त्याला दुसऱ्याने खालच्या रांगेत टाकले, असे कितीतरी उमेदवारांच्या बाबतीत घडले. पुढील काळातील संशोधनाने दाखविले की सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारून ठरलेल्या कसोटीवर गुण दिले तर निवड अधिक भरवशाची होते. परंतु असे करणारी मंडळे अजून थोडीच आहेत. नकाराचे पत्र हाती आले म्हणजे आपली किंमत ठरली असे समजणाऱ्या मुलाला, आणि विशेषतः त्याच्या वडिलांना, हा प्रयोग कोणी तरी सांगावयास हवा.

शेवटी किरकोळ वाटणाऱ्या दोन सूचना. नोकरी देतो म्हणून आधी अनामत किंवा ‘नोंदणी फी’ मागणारा पत्रव्यवहार टेलिफोनवर आला तर तो पोलिसांकडे न्यावा; खरा मालक पगार देतो, घेत नाही. आणि सकाळी दहाची मुलाखत नागपुरात असेल तर पहाटेच्या गाडीवर भिस्त ठेवू नये. गोंदियाला गाडी बदलावी लागली आणि पहिली उशिरा आली तर दुसरी थांबत नाही. आदल्या संध्याकाळी पोहोचावे, मामाकडे किंवा ओळखीच्या घरी उतरावे, मूळ प्रमाणपत्रे आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्यात, आणि मुलाखतीची जागा त्याच संध्याकाळी पायी जाऊन पाहून यावी.